चालताना बोलता आलं पाहिजे

हॉस्पिटलमधून घरी सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, "आता रोज व्यायाम करायचा," आणि पुढच्या खाटेकडे वळले. कोणता, किती, कधीपासून, हे मी विचारलं नाही. व्यायामातलं मला कोण काय शिकवणार, असं तेव्हा वाटत होतं. मी कबड्डी खेळलेला माणूस.

काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचचा सुपरवायझर आहे. कुठला माल कुठल्या गाडीत भरायचा, गाडी कधी सोडायची, हे बघायचं. दिवाळीच्या तोंडावर कामाला उसंत नव्हती. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. दुपारी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि छातीच्या मधोमध कुणी गोण ठेवावी तसं जड झालं. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा मागवला. तो यायच्या आत शर्ट घामाने भिजला. दोन रॅकच्या मधल्या गल्लीत माल ठेवायच्या एका रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसलो तो उठूच शकलो नाही. हमालांनी मला उचलून छोट्या टेम्पोत घातलं. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक होतं आणि टेम्पोवाला सारखा हॉर्न वाजवत होता, एवढं आठवतं. संध्याकाळपर्यंत ठाण्यात माझ्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसला होता.

बायको अंगणवाडी सेविका आहे. ती कामावरून तशीच आली होती, बोटांना खडू लागलेला. मला शुद्ध होती. ती माझ्या पायाचा अंगठा धरून उभी राहिली. तिथे नर्सने हात लावू दिला म्हणून.

घरी आलो तेव्हा सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपू लागले. आमची बिल्डिंग भिवंडीत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी प्रत्येक मजल्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून मला वर नेलं. शेजारपाजारची माणसं भेटायला यायची आणि प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. एकाने दुधीचा रस सांगितला. एकाने सांगितलं, आता जिना चढायचा नाही. दुसऱ्याने सांगितलं, जिना हाच खरा व्यायाम. मेव्हणा म्हणाला, जिम लाव, पण वजन नको उचलूस. मग जिममध्ये जाऊन काय करायचं, ते त्यालाही सांगता येईना.

मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, जरा अंगात ताकद येऊ दे, मग बघू.

पडघ्यापासून आत आमचं गाव. भाताची शेती, आणि भात कापून झाला की शेताच्या मोकळ्या तुकड्यावर कबड्डी. मी चढाईचा गडी होतो. दम माझी खासियत होती. एकदा मध्यरेषा ओलांडली की समोरचे मला कोपऱ्यात रेटायचा प्रयत्न करत, आणि माझा "कबड्डी कबड्डी" चालूच असे. बाहेर उभी असलेली म्हातारी माणसं म्हणायची, याचा दम बैलाचा. शेजारच्या गावच्या स्पर्धेत आम्ही हरत आलो होतो आणि मी एकाच चढाईत दोन गडी बाद करून, तिसरा कमरेला लटकलेला असताना, रेषेवर हात टेकवला होता. त्या गोष्टीला तीस-एक वर्षं झाली असतील. गावी गेलो की कुणी ना कुणी ती अजून काढतं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, भिवंडीत घर केलं. खेळ सुटला, पोट सुटलं. पण माझ्या लेखी मी कबड्डीवालाच राहिलो. गोडाऊनमध्ये दिवसभर पायांवर असतो, म्हणजे व्यायाम होतोच आहे, असा माझा हिशेब.

ताकद आल्यासारखी वाटली तेव्हा आधी गच्चीवर गेलो. आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त मास्तर सकाळी गच्चीवर योगासनं शिकवतात. चांगले गृहस्थ, कुणाकडून काही घेत नाहीत. त्यांनी मला पुढच्या सतरंजीवर बसवलं. सुरुवातीचं हात-पाय हलवणं बरं वाटलं. मग ते म्हणाले, "श्वास भरा आणि रोखून धरा. जितका वेळ धरता येईल तितका." इथे मी खूश झालो. श्वास धरण्यात आपला हात कोण धरणार? सगळ्यांनी सोडला तरी मी धरून ठेवला. डोळ्यांसमोर काळ्या माश्या नाचल्या आणि मी पाण्याच्या टाकीला टेकलो. मास्तर म्हणाले, "सवयीने जमेल." मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यांचा दोष नव्हता. मला काय झालं होतं हे त्यांना माहीत होतं, पण माझ्यासारख्याने काय करू नये हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मग चालायचं ठरवलं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूम आहेत. पहाटेपासून खडखडाट आणि हवेत कापसाचं भुसकट. मोठ्या रस्त्यावर कंटेनर. म्हणून तलावावर जायला लागलो. तिथे कठड्याला धरून फिरायची वाट आहे, सकाळी बरीच माणसं असतात. पहिले काही दिवस सावकाश चाललो. बायकोने बजावलं होतं, "फार ताणू नका हं." पण एक गोष्ट मला सहन होईना. सगळे मला मागे टाकून जायचे. साडी नेसलेल्या बायका जायच्या, काठीवाले आजोबा जायचे. पांढरे बूट घातलेला एक जाडा माणूस तर फोनवर मोठमोठ्याने बोलत जायचा. माझ्या बाजूने गेला की त्याच्या अत्तराचा वास मागे राहायचा.

एका सकाळी मी त्याच्या मागे लागलो. म्हणजे पळालो नाही, फक्त पावलं लांब टाकायला लागलो. वळणावर त्याला गाठलं, पुढे गेलो, आणि पुढेच राहायचं म्हणून तसाच चालत राहिलो. मागे त्याचं फोनवर बोलणं चालूच होतं. तलावाचा पाऊण फेरा झाला असेल तेव्हा छातीत तीच गोण. या वेळी दुखणं जबड्यापर्यंत चढलं. मी बाकावर बसलो, अशा वेळेसाठी हॉस्पिटलने दिलेली खिशातली गोळी जिभेखाली ठेवली. तो पांढऱ्या बुटांचा माणूस जवळ येऊन थांबला, फोन खाली घेतला आणि म्हणाला, "तबियत ठीक है ना भाई?" मी म्हटलं, ठीक आहे, दमलो. तो थोडा वेळ शेजारी बसून राहिला. मला बरं वाटल्यावर रिक्षेपर्यंत सोडायला आला. त्याच्याशी मी शर्यत लावली होती हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

घरी काही सांगायचं नाही असं ठरवून जिना चढलो. बायकोने दार उघडलं, तोंडाकडे पाहिलं.

"गोळी घेतलीत?"

"कसली?"

"जिभेखालची. अहो, मी विचारतेय."

"एकच."

तिने पायांत चपला घातल्या, पर्स घेतली आणि अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना फोन लावून सांगितलं की आज मी येत नाही. मला म्हणाली, "चला." परत ठाणे.

तपासण्या झाल्या. नवीन काही झालेलं नव्हतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, "फिजिओकडे किती वेळा गेलात?" आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने मान हलवली आणि खालच्या मजल्यावर पाठवलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्या लेकीच्या वयाची असेल. आमची लेक नाशिकला दिलेली. हिच्यासारखीच केस वर बांधायची सवय. तिने मला काका म्हटलं आणि सगळ्यात आधी चालायला लावलं. व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या. या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत, आपल्या चालीने, ती थांबा म्हणेपर्यंत. माझ्या आधी एक आजी चालत होत्या, बायपास झालेल्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांचं झाल्यावर माझं. मी मध्येच एकदा थांबलो. त्या थांबल्या नव्हत्या. आजी बाकावर बसून माझ्याकडे बघत होत्या आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काका, तुम्हाला काय करायला आवडतं?" तिने विचारलं.

"कबड्डी."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मी कधी खेळले नाही. सांगा ना, नेमकं काय करावं लागतं?"

मी सांगितलं. दम धरायचा, समोरच्याच्या अंगणात जायचं, झटापट, रेटारेटी, कुणी पकडलं तर सगळ्या ताकदीने ओढून रेषेपर्यंत यायचं. सांगता सांगता मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. बायको हळूच म्हणाली, "बसा."

मुलगी म्हणाली, "काका, श्वास कोंडून जोर लावणं, एकदम धावणं, एकदम थांबणं. आत्ता तुमच्या हृदयाला जे नको आहे ते सगळं या एका खेळात आहे."

"आत्ता नको. म्हणजे नंतर?"

"नंतरचं नंतर बघू. मी खोटी आशा नाही दाखवणार."

मग तिने जे सांगितलं ते इतकं साधं होतं की माझी निराशाच झाली. आधी थोडा वेळ अगदी रमतगमत चालायचं. मग जरा वेग. शेवटी पुन्हा रमतगमत, एकदम बसायचं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला हात लावून भिंत ढकलल्यासारखं करायचं आणि जोर लावताना श्वास सोडायचा. जेवल्याबरोबर काही नाही. छातीत, जबड्यात, हातात काही वाटलं तर तिथेच थांबायचं, "पुढच्या खांबापर्यंत जाऊ" असं म्हणायचं नाही. दर आठवड्याला थोडं वाढवायचं, आणि ते किती ते ती सांगणार, मी नाही.

मी विचारलं, "वेग किती ते कसं कळणार? नाडी मोजू?"

"नाही. तुम्हाला जी गोळी चालू आहे ती नाडी वाढूच देत नाही. नाडीवर विसंबलात तर फसाल. सोपं सांगते. चालताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य, न अडखळता. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला."

बायको म्हणाली, "म्हणजे यांनी चालताना बोलत राहायचं?"

"अधूनमधून."

"हे घरीसुद्धा बोलत नाहीत," बायको म्हणाली. तेव्हा मात्र ती मुलगी हसली.

कामावर परत गेलो तेव्हा हलकी ड्युटी मिळाली, ऑफिसच्या खुर्चीतली. चालायचं कुठे, हा प्रश्न होताच. तलावावर परत जायला मन घेईना. मग लक्षात आलं की सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गोडाऊन रिकामं असतं. आत रॅकच्या मधल्या गल्ल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, सपाट. ऊन नाही, धूळ कमी, गाडी नाही. मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, फोर्कलिफ्ट सुरू व्हायच्या आत आटपत असाल तर चाला.

अडचण एकच होती. ज्या गल्लीत मी त्या दिवशी बसलो होतो तीच सगळ्यात लांब आणि रुंद गल्ली. पहिल्या सकाळी तिच्या तोंडाशी उभा राहिलो आणि पाऊल पुढे पडेना. रॅकवर खोकी होती, वर पिवळे दिवे, सगळं नेहमीचं. पण ते पॅलेट कुठे होतं ते मला नेमकं माहीत होतं. मी शेजारच्या अरुंद गल्लीत वळलो आणि तिथेच चाललो. बरेच दिवस तसाच चाललो. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की इकडे उजेड चांगला आहे.

फाटकावरचा वॉचमन जौनपूरचा. तो मला बघायचा आणि एक दिवस त्याने विचारलंच, "साहब, रोज रोज क्या ढूँढते हो अंदर?"

"कुछ नहीं. डॉक्टरने चलने को बोला है. और चलते चलते बात करने को."

"किससे?"

"किसी से भी."

मग तो ड्युटी संपायच्या वेळेला माझ्याबरोबर एक-दोन चकरा मारायला लागला. तो गावाकडच्या आंब्याच्या झाडांबद्दल बोलायचा, भावांच्या भांडणांबद्दल बोलायचा, आणि मी मध्ये मध्ये पूर्ण वाक्यं बोलायचो. माझं हिंदी असं की वाक्य दमाने तुटतं की व्याकरणाने, तेच कळू नये. एका सकाळी तो बोलत बोलत त्या मोठ्या गल्लीत शिरला. त्याच्या भावाने विहिरीचा वाटा कसा मागितला हे सांगत होता. मी त्याच्या मागे गेलो. ती जागा आली, गेली. गल्लीच्या टोकाला पोहोचून वळलो तेव्हा लक्षात आलं की आपण ती ओलांडली. त्याला मी काही सांगितलं नाही. विहिरीचं पुढे काय झालं ते विचारलं.

हिवाळा संपेपर्यंत चांगला फरक पडला. व्हरांड्यातल्या दोन खुर्च्यांमध्ये आता मी थांबत नव्हतो. जिन्यावरच्या खुर्च्या आम्ही काढून टाकल्या. फिजिओथेरपिस्ट मुलीने भिंतीच्या व्यायामाच्या जागी रबरी पट्टा दिला. वजन थोडं उतरलं. आणि मला चढल्यासारखं झालं.

त्याच सुमारास गावाहून मित्राचा फोन आला. हा आमचा डावा कोपरा. मी चढाईला जायचो आणि पकडीला तो असायचा. गावीच राहिला. शेती करतो, म्हशी आहेत. गावदेवीच्या जत्रेत जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला होता, आमची टीम विरुद्ध तीच शेजारच्या गावची टीम.

"येतोस ना रं?"

"अरे, माझं ऑपरेशन झालंय."

"माहीत हाय. पण चालतोस-फिरतोस ना आता? पुरा सामना खेळू नको. एक चढाई मार. निस्ता आत जाऊन ये. लोकांना तुला बघायचंय."

एक चढाई. फोन ठेवला तरी ते डोक्यात राहिलं. एका चढाईला लागतो किती वेळ? गल्लीत मी त्याच्या कितीतरी पट चालतो. त्या फिजिओ मुलीला विचारावं असं मनात आलं, आणि ती काय म्हणेल हे माहीत होतं म्हणून विचारलं नाही. बायकोला सांगितलं. मला वाटलं ती आकांडतांडव करेल, म्हणजे मला चिडता येईल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जायचं असेल तर जा. मी पण येते."

जत्रेच्या संध्याकाळी मैदान सारवून, चुन्याच्या रेघा मारून तयार होतं. लाऊडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. कुणीतरी मला टीमचा बनियन आणून दिला. मी तो अंगात घातला. पोटावर ताणून बसला, पण बसला. रेषेच्या बाहेर उभा राहून अंग सैल करायला लागलो. मातीचा वास, चुना, घामेजलेली माणसं. माझे पाय आपोआप उड्या घ्यायला लागले. बायको बायकांच्या घोळक्यात पुढे बसली होती. तिने जिभेखालच्या गोळीची डबी मुठीत धरलेली मला दिसली. ती माझ्याकडे बघत नव्हती, मैदानाकडे बघत होती.

मित्र जवळ आला. "पहिली चढाई तुझीच."

मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." जागेवर, नुसता उभा राहून. किती वेळ टिकतंय ते बघायचं होतं. ते इतक्या लवकर तुटलं की मला आधी वाटलं माझीच काही चूक झाली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथेच तुटलं. जागेवर ही गत, तर आत अंगाला कुणी लटकलं तर काय? खोकल्यासारखं करून मी बनियन काढला.

"मी नाही खेळत."

"काय?"

"नाही जमणार. दम नाही."

"तुला दम न्हाय?" तो खरंच चकित झाला होता. मग चिडला. "मग बनियन घातलास कशाला? नाव पुकारलंय तुझं! लोकं काय बोलतील?"

लोक बोललेच. मी जाऊन कडेला बसलो तेव्हा मागून एक जण म्हणाला, शहरात जाऊन मऊ झाला. दुसरा म्हणाला, अरे त्याचं काळजाचं ऑपरेशन झालंय. पहिला म्हणाला, मग आला कशाला?

मित्र खेळला. मी मनातून वाट बघत होतो की त्याला धाप लागेल, पाय मुरगळेल, काहीतरी होईल आणि माझं बरोबर ठरेल. त्याला काहीही झालं नाही. माझ्याच वयाचा माणूस, पण रोज चिखलात आणि गवताच्या भाऱ्याखाली असलेलं अंग. त्याने दोन मजबूत पकडी केल्या आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आम्ही जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या.

परत येताना हायवेवर मी मोटरसायकल चालवत होतो, ती मागे बसलेली. पडघं मागे पडलं. मग मीच म्हणालो, "तू मला अडवलं का नाहीस?"

"अडवलं असतं तर तुम्ही खेळला असतात."

ते खरं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गाडी बाजूला घ्या." मी एका बंद धाब्यापाशी थांबवली. ती उतरली आणि कठड्यावर बसून रडली. मी गोडाऊनमध्ये बसलो त्या दिवसापासून ती माझ्यासमोर एकदाही रडलेली नव्हती, ना हॉस्पिटलात ना घरी. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "तुम्ही बनियन घातलात ना, तेव्हाच मी बघून ठेवलं होतं की कुठली गाडी लगेच मिळेल. समोर एक ओम्नी उभी होती. तिच्या ड्रायव्हरला मी जाऊन सांगून ठेवलं होतं." ट्रक जात होते, कठडा हादरत होता. तिचं रडणं आटपल्यावर ती उठायला गेली आणि गुडघा धरून परत बसली.

"काय झालं?"

"काही नाही. हे रोजचंच आहे."

रोजचंच होतं आणि मला माहीत नव्हतं. अंगणवाडीत दिवसभर खाली बसणं-उठणं, मग तीन मजले. माझ्यासाठी जिन्यावर खुर्च्या ठेवल्या होत्या, तेव्हा तीही त्यांवर टेकायची, पण का ते तिने कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी त्या फिजिओ मुलीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, बनियनची आणि गुडघ्याची. बनियनवर ती एवढंच म्हणाली, "काका, पुढच्या वेळी आधी मला फोन करा. नाहीच म्हणेन, पण करा." मग बायकोला टेबलावर बसवलं. मी म्हणालो, "हिलापण चालू दे ना माझ्याबरोबर. माझ्या गल्लीत." मुलगी म्हणाली, "त्यांना आत्ता चालणं वाढवून उपयोग नाही. आधी मांडीत ताकद हवी. तुमचा व्यायाम तुमचा, त्यांचा त्यांचा." तिला निराळंच दिलं. खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. अंगणवाडीत खाली न बसता स्टुलावर बसायचं. मुलं स्टूल ओढून नेतात, ही तिची तक्रार अजून चालू आहे.

संध्याकाळी आमच्या घरात आता असं दृश्य असतं. ती सिरियल बघत पाय वर-खाली करते, मी दाराच्या चौकटीला पट्टा अडकवून ओढत असतो. लेक व्हिडिओ कॉलवर हे बघून म्हणाली, "तुम्ही दोघांनी काय कारखाना काढलाय का?"

गावी मी गणपतीत गेलो होतो. मित्राने चहा पाजला, सामन्याचा विषय काढला नाही. निघताना म्हणाला, "कुजलेले वासे काढायचेत म्हशीच्या गोठ्याचे, थांबतोस का मदतीला?" मग स्वतःच म्हणाला, "न्हाय न्हाय, तू नको." मला वाईट वाटलं, पण फार नाही. मी खाली उभा राहिलो आणि वरून येणारे वासे तेवढे बाजूला रचून ठेवले, श्वास सोडत, एकेक करून. दमल्यासारखं झालं तेव्हा बसलो. तो वर काम करत राहिला आणि आम्ही गप्पा मारत होतो.

या पावसाळ्यात गोडाऊनमध्ये नवा माल आला आणि ती मोठी गल्ली दोन्ही बाजूंनी भरून गेली. आता तिथून माणूस जेमतेम अंग चोरून जाईल. वॉचमनचीही दुसऱ्या साईटवर बदली झाली. मी सध्या तलावावर परत जातो. रविवारी बायको बरोबर येते. आधी आम्ही एकत्र निघतो. पहिल्या वळणाला ती बाकावर बसते आणि तिचे पायाचे व्यायाम करते. मी पुढे जातो. बरेच जण मला मागे टाकतात.